कानोता ते वेणा : सुटीचा दिवस, पाण्याची ओढ आणि बेवारस काठ

जयपूर शहरातील काही तरुण मित्र ११ ऑगस्ट २०२४ रोजी सुटीचा दिवस घालविण्यासाठी आग्रा महामार्गालगतच्या कानोता धरणावर गेले होते. तो रविवार होता. त्या आठवड्यात जयपूर आणि परिसरात जोरदार पाऊस झाला होता. प्राप्त वृत्तानुसार मित्रांपैकी एकाचा पाय घसरून तो पाण्यात ओढला गेला, त्याला बाहेर काढण्यासाठी दुसरा उतरला आणि पाठोपाठ इतरही. पाच तरुणांचा बुडून मृत्यू झाला. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि नागरी संरक्षण दलाच्या पथकांनी शोधकार्य केले. त्याच दिवशी राजस्थानच्याच भरतपूर जिल्ह्यात बाणगंगा नदीत सात तरुण बुडाले. एका राज्यात, एका रविवारी, केवळ दोन ठिकाणी बारा तरुण मृत्युमुखी पडले.

अशा घटनांची बातमी ठराविक साच्यात येते. किती जण होते, किती बुडाले, किती मृतदेह हाती लागले, मुख्यमंत्र्यांनी दुःख व्यक्त केले, मदत जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी 'तरुणाईचा अतिउत्साह' या शीर्षकाखाली दोन शब्द उपदेशाचे येतात आणि विषय मिटतो. अतिउत्साह असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अठरा-वीस वर्षांच्या मुलांचा उत्साह हे जगभरातील प्रत्येक पाणवठ्यावर गृहीत धरावे लागणारे तथ्य आहे. उताराच्या रस्त्यावर वाहन वेग घेणार हे गृहीत धरूनच कठडा बांधला जातो, तसाच हा प्रकार आहे. कानोत्यासारख्या ठिकाणी कठडा कोणी बांधावयाचा, याचे उत्तर मात्र सहजासहजी मिळत नाही.

कानोता हे जयपूरच्या पूर्वेस ढूंढ नदीवर असलेले धरण आहे. याच नदीवरून या प्रदेशाला ढूंढाड हे नाव पडले, असे मानले जाते. गावात जुनी गढी आहे; येथील ठाकूर घराण्यातील अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे नित्यनेमाने लिहिलेली रोजनिशी इतिहासकारांमध्ये प्रसिद्ध आहे. धरणाचा उपयोग सिंचनासाठी आणि मत्स्योत्पादनासाठी होतो. पर्यटनस्थळ म्हणून ते बांधलेले नाही. तरीही पावसाळ्यात जयपूरकरांची पावले तिकडे वळतात. धरण भरून सांडव्यावरून पाण्याचा पातळ, सलग थर वाहू लागला की राजस्थानात 'चादर चालली' असे म्हणतात. ही चादर पाहावयास कुटुंबेच्या कुटुंबे जातात. कोरड्या प्रदेशात वाहते पाणी हाच उत्सव असतो.

जयपूरच्या बाबतीत या ओढीला आणखी एक संदर्भ आहे. १९८२ च्या नवी दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांमधील नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ जलाशयात झाल्या होत्या. एकेकाळी शहराला पिण्याचे पाणी पुरविणारा हा जलाशय पुढे पाणलोट क्षेत्रातील अडथळे आणि अतिक्रमणे यांमुळे आटत गेला. राजस्थान उच्च न्यायालयाने २०११ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे ड्रोनच्या साहाय्याने कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग करण्याची वेळ आली. ज्या शहराच्या आसपास आशियातील नौकापटू वल्ही मारीत होते, त्या शहराची पुढची पिढी पाण्याच्या सहवासाशिवाय वाढली. अशा शहरातील तरुण वर्षातून दोन-चार रविवार भरलेल्या धरणाच्या काठी उभा राहतो, तेव्हा त्याला पाण्याचे आकर्षण असते, पण पाण्याची ओळख नसते. कानोत्याच्या दुर्घटनेचे हे एकमेव कारण नव्हे, परंतु ते विचारात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला कानोत्याचे वृत्त वाचताना नागपूरची आठवण होणे स्वाभाविक आहे. ९ जुलै २०१७, तोही रविवारच. नागपूरजवळच्या वेणा धरणावर सहलीसाठी गेलेले आठ मित्र आणि तीन नावाडी असे अकरा जण एका लहान होडीतून जलाशयात गेले. होडी मासेमारीची होती. संध्याकाळची वेळ. होडीतील एकाने फेसबुकवरून थेट प्रक्षेपण सुरू केले होते. त्या चित्रफितीत थट्टामस्करी चाललेली दिसते. कोणाच्याही अंगात जीवरक्षक जाकीट नाही. छायाचित्रासाठी काही जण उभे राहिले, होडी कलंडली आणि उलटली. तिघे वाचले. उरलेले आठ जण बुडाले.

कानोत्याला होडी नव्हती, वेण्याला होती, एवढाच काय तो फरक. काठावर उभा असलेला माणूस निदान पाण्याला थोडा तरी बिचकतो. होडीत बसलेल्या माणसाला मात्र आपण सुरक्षित आहोत असे वाटते, कारण पायाखाली फळी असते आणि सोबत 'रोजचा' नावाडी असतो. मासेमाराची होडी दोन माणसे, जाळे आणि मासळी यांच्यासाठी बांधलेली असते. त्या भाराला ती वर्षानुवर्षे साथ देते, म्हणून नावाड्याचाही तिच्यावर विश्वास बसलेला असतो. तीच होडी अकरा माणसांच्या भाराने पाण्यात खोल बसते आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वीतभर उरते. अशा स्थितीत एक माणूस उभा राहिला तरी होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो; दोघे-तिघे एका बाजूला झुकले की ती बाजू पाण्याखाली जाते. आत शिरलेले पाणी स्थिर राहत नाही. ज्या बाजूला होडी कललेली असते त्याच बाजूला ते धावते आणि कल वाढविते. 'होडी कलंडते आहे' हे लक्षात येण्यापासून ती उलटेपर्यंतचा काळ म्हणूनच काही सेकंदांचा असतो. बसलेल्यांनी बसूनच राहणे हा त्यावरचा साधा उपाय. तथापि घाबरलेली माणसे नेमकी उठून दुसऱ्या बाजूला धावतात.

माणसे एका बाजूला झाली आणि नौका उलटली, ही हकिकत मराठी माणसाला नवी नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. गटारी अमावास्येसाठी गावी निघालेल्यांची तीवर गर्दी होती. एका बाजूने पाणी आत येऊ लागताच प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले आणि तोल गेला, असे त्या वेळेपासून सांगितले जाते. केरळमधील थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी राज्याच्या पर्यटन महामंडळाची 'जलकन्यका' उलटली, तेव्हाही काठावरील वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकल्याचे सांगण्यात आले. त्या अपघातात ४५ जण मरण पावले. डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटून तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. तेथे कारण होते छायाचित्र. सत्तर वर्षांत कारणे बदलली, यंत्रणा तीच राहिली. मोबाईल फोनला दोष देणारे या बाबीकडे लक्ष देत नाहीत. 'रामदास'वर कोणाच्याही हाती फोन नव्हता.

वाचविणाराच बुडतो, तेव्हा

कानोत्यात एकाचे पाच झाले, याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. बुडण्याच्या घटनांमध्ये मृतांची संख्या वाढण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

बुडणारा माणूस हाका मारतो, हात हलवितो, हे चित्र चित्रपटांनी रूढ केले आहे. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या दशकात प्रत्यक्ष निरीक्षणांवरून दाखवून दिले, की खरोखर बुडणारा माणूस बहुधा आवाज करीत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर येते-जाते. श्वासालाच वेळ अपुरा पडतो, मग शब्दाला कोठून मिळणार? हात दोन्ही बाजूंना पसरून तो पाणी खाली दाबण्याचा प्रयत्न करतो. ही धडपड साधारणतः वीस ते साठ सेकंद चालते. या अवस्थेत जे हाती लागेल त्याला तो मिठी मारतो आणि त्यावर चढू पाहतो. हाती लागलेली वस्तू मित्राची मान असेल, तर दोघेही जातात. यात कोणाचा दोष नाही. ती शरीराची अनैच्छिक प्रतिक्रिया आहे. मित्राला वाचवावयास गेलेला तरुण बहुतेक वेळा पोहणारा असतो, पण तो तरणतलावात किंवा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला असतो. कोणाला ओढून आणण्याचा सराव त्याला नसतो.

धरणाचा काठ याहून फसवा असतो. पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. दगडांवर शेवाळ असते. भरावासाठी जेथून मुरूम उचललेला असतो, तेथील खड्डे पाण्याखाली तसेच राहतात. मूळ नदीचे पात्रही खालीच असते. गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला पुरुषभर पाण्यात जातो. तळाशी गाळ असेल तर पाय रोवता येत नाहीत. सांडव्याखालचे पाणी तर तज्ज्ञांनाही दाद देत नाही. वरून पडणारा प्रवाह खाली जाऊन पुन्हा मागे वळतो, त्यामुळे त्यात सापडलेली वस्तू बाहेर न फेकली जाता तेथेच फिरत राहते. हवेने फेसाळलेल्या पाण्यात तरंगण्याची शक्तीही कमी होते. वरून मात्र ते शुभ्र, उथळ आणि आमंत्रण देणारे दिसते.

प्रशिक्षितांनाही हे पाणी कसे भारी पडते, याचे उदाहरण कानोत्याच्या अडीच महिने आधीच महाराष्ट्राने पाहिले होते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकाची बोट २३ मे २०२४ रोजी पाण्याच्या भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ज्यांचे कामच वाचविण्याचे, ज्यांच्याकडे बोट होती आणि प्रशिक्षण होते, त्यांची ही गत झाली. मग अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेणाऱ्या मित्राचे काय?

जगभरातील जीवरक्षकांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम काठावरूनच काठी, फांदी, ओढणी, पट्टा जे असेल ते पुढे करावयाचे. ते पोहोचत नसेल तर तरंगणारी वस्तू फेकावयाची. नंतर होडीने जावयाचे. स्वतः पाण्यात उतरणे हा शेवटचा आणि केवळ प्रशिक्षिताचा मार्ग. यातील दुसरी पायरी आपल्याकडे मुळात अपरिचित नव्हती. वाळलेले भोपळे पाठीला बांधून मुलांना विहिरीत उतरविण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यांत होती. भोपळ्यांची सांगड बांधून लोक दुथडी भरलेली नदी ओलांडीत. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आजही लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे, सांगड मात्र कोणी पाहिलेली नाही. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा हे आजचे तिचे रूप होऊ शकते. सहलीला निघालेल्या प्रत्येक वाहनात असा एखादा डबा असतोच. तो फेकावा हे सुचण्यासाठी कोणीतरी कधीतरी सांगितलेले असावे लागते.

कायदा आणि त्याची पोहोच

नौकांविषयी कायदे नाहीत, अशी स्थिती नाही. १९१७ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या जागी संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय नौका कायदा संमत केला. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता, विमा यांची त्यात तरतूद आहे. विशेष म्हणजे वल्ह्याने चालणाऱ्या, यंत्राविना असलेल्या होड्यांचाही त्यात प्रथमच गांभीर्याने विचार झाला आणि त्यांची नोंद ठेवण्याचे काम जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत पातळीवरील स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. त्याआधी २०१७ मध्ये, वेण्याची दुर्घटना घडली त्याच वर्षी, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. ती वाचताना कोणाही सुज्ञ वाचकाची मान डोलावी. प्रश्न तत्त्वांचा नसून त्यांच्या प्रवासाचा आहे. दिल्लीहून निघालेला कागद राज्याच्या बंदरे विभागापर्यंत पोहोचतो. तेथून तो धरणाच्या काठच्या मासेमारापर्यंत पोहोचण्यास रस्ताच नाही, कारण धरण बंदरे विभागाचे नसते.

या मुद्द्यापाशी थोडे थांबावयास हवे. एखाद्या मध्यम धरणाचा काठ नेमका कोणाचा असतो? भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचे. पाण्यातील मासळी मत्स्यव्यवसाय विभागाची, आणि तिचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे. तेथपर्यंतचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा. भोवतालची झाडी वन विभागाची असू शकते. कणसे आणि चहा विकणाऱ्यांकडून पावती फाडते ती ग्रामपंचायत. बुडालेल्याचा पंचनामा पोलिसांचा. या साखळीत पाहुणा कोणाचाच नाही. जलसंपदा विभाग 'पाण्यात उतरू नये' असा फलक लावून मोकळा होतो, आणि त्याच्या दृष्टीने ते चुकीचेही नाही, कारण त्या विभागाला पाणी सांभाळण्यासाठी नेमलेले आहे, माणसे नव्हे.

तारखांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. वेणा, जुलै २०१७ : रविवार. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांचा बळी घेणारी पर्यटक बोट : रविवार. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले : रविवार. कानोता : रविवार. मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत १५ जून २०२५ रोजी कोसळून चार जणांचा मृत्यू झाला : रविवार. सर्वच दुर्घटना रविवारी घडतात असा याचा अर्थ नव्हे. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मरण पावल्या, तो गुरुवार होता. पण गर्दी रविवारी होते हे उघड आहे, आणि ज्या कार्यालयांच्या अखत्यारीत हे काठ येतात त्यांची साप्ताहिक सुटीही रविवारीच असते. पाणवठ्यावर सर्वाधिक माणसे असतात त्या दिवशी तेथे शासनाचा एकही माणूस नसण्याची शक्यता सर्वाधिक असते. हा विरोधाभास दूर करण्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. कामाच्या वेळापत्रकात बदल पुरेसा आहे.

त्याऐवजी बंदीचा मार्ग सोपा वाटतो. भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धरणे आणि धबधब्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. अशा आदेशांचा तात्कालिक उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल. पण त्यांची मुदत संपते, बंदोबस्त उठतो आणि गर्दी शेजारच्या, नाव नसलेल्या, अधिक धोकादायक पाणवठ्याकडे सरकते.

दंडविधानाची स्थितीही पाहण्यासारखी आहे. भाड्याने माणसे नेताना नाव धोकादायक स्थितीत असेल किंवा तीत प्रमाणाबाहेर माणसे भरली असतील, तर १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८२ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २८४ क्रमांकाने आले. कारावासाची कमाल मुदत सहा महिनेच राहिली. दंड पाच हजार रुपयांपर्यंत झाला. मृत्यू झाल्यास निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याचे, किंवा त्याहून गंभीर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते, ही गोष्ट वेगळी. पण मृत्यू होण्यापूर्वीच, म्हणजे होडी काठावर असतानाच, अधिक माणसे चढविणाऱ्यास अडविण्यासाठी कायद्याच्या हाती जे आहे ते एवढेच. हौशी मंडळी भरलेल्या एका रविवारी नावाड्याची किती कमाई होत असेल, याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी.

नावाड्यावर सारा भार टाकणेही योग्य होणार नाही. वेण्याच्या होडीत तीन नावाडी होते. ते काही प्रवाशांना सोडून काठावर राहिले नव्हते. मासळीचा भाव आणि ठेक्याची रक्कम यांचा मेळ न बसणाऱ्या माणसाला शहरी पाहुण्यांनी देऊ केलेले पैसे नाकारता येत नाहीत. त्याच्यापाशी अकरा जाकिटे नसतात, कारण मासेमारीसाठी ती कधी कोणी मागितलेली नसतात.

जाकिटांचा प्रश्न मोठ्या नौकांवरही सुटलेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. या अपघातात एकूण १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीची परवानगी ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची होती. प्रत्यक्षात तीवर शंभराहून अधिक माणसे होती. धडकेचा दोष 'नीलकमल'चा नव्हता. तरीही धडक बसल्यानंतर किती जण तगतात हे अंगात जाकीट आहे की नाही यावर ठरते, आणि ती बहुतेकांच्या अंगात नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गेट वेच्या धक्क्यावर जाकीट सक्तीचे झाले. त्यानंतर आठवड्याभरात, नाताळच्या दिवशी, गोव्यात कळंगुट येथे पर्यटकांची बोट उलटली. एकाचा मृत्यू झाला आणि वीस जणांना वाचविण्यात आले. दोघे वगळता सर्वांच्या अंगात जाकिटे होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. दोन्ही घटनांची परिस्थिती निराळी होती, किनारा जवळ होता आणि २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर शासनाच्या खर्चाने जीवरक्षक नेमलेले आहेत. म्हणून थेट तुलना करू नये. तथापि एकवीसपैकी वीस हा आकडा विचार करावयास लावतो.

हरणी तलावात केवळ दहा विद्यार्थ्यांच्या अंगात जाकिटे असल्याचे गुजरातच्या गृहराज्यमंत्र्यांनी सांगितले होते. तेथे काठ बेवारस नव्हता. महापालिकेचा तलाव, रीतसर ठेका, तिकीट, सारे होते. म्हणजे मालक असणे पुरेसे नाही. त्याने बोट सुटण्यापूर्वी डोकी मोजावयास हवीत. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली लाँच वादळी वाऱ्यात बुडून सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठाला लागला. ती तर सहलही नव्हती, भीमेच्या दोन्ही काठच्या लोकांचा नित्याचा मार्ग होता. वारा सुटला असता बोट सोडू नये, हे सांगणारा कोणी धक्क्यावर नव्हता, कारण तो शासनाच्या दृष्टीने धक्काच नव्हता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात ३६ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी जगभरात सुमारे तीन लाख मृत्यू झाल्याचे नमूद केले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडून होणारे मृत्यू रोखण्यासाठी एक धोरणात्मक आराखडाही जाहीर केला. त्यात शालेय वयापासून जलसुरक्षेचे शिक्षण आणि स्थानिक पातळीवरील उपाययोजना यांवर भर आहे. देशातील बहुसंख्य मृत्यू सहलीत होत नाहीत; ते घरामागच्या तळ्यात, शेततळ्यात, नदीच्या घाटावर, कपडे धुताना आणि गुरे पाजताना होतात. त्यांची बातमी होत नाही. सहलीतील मृत्यूंची होते, कारण ते एकगठ्ठा होतात आणि मृतांमध्ये शहरातील मुले असतात. या बातमीमुळे निर्माण होणारे लक्ष उरलेल्या हजारोंच्याही कामी येऊ शकते, हीच त्यातील जमेची बाजू.

त्या दृष्टीने पाहता, करावयाची कामे फारशी खर्चिक नाहीत. २०२१ च्या कायद्याने दिलेली मुभा वापरून ग्रामपंचायतीने आपल्या जलाशयातील प्रत्येक होडीला क्रमांक देणे, तिच्या अंगावर भाराची रेषा रंगविणे आणि माणसांची संख्या ठळक लिहिणे. मासेमारीचा ठेका देताना ठेक्याच्या अटींतच जाकिटांचा समावेश करणे. सांडव्यापाशी दोराला बांधलेली तरंगती कडी टांगून ठेवणे. आणि पावसाळ्यातील रविवारी मच्छीमार संस्थेतील दोन पट्टीच्या पोहणाऱ्यांना दिवसाची मजुरी देऊन काठावर बसविणे. डहाणूतील विद्यार्थ्यांना वाचविण्यात स्थानिक मच्छीमार आघाडीवर होते. पाणी ओळखणारी माणसे प्रत्येक काठावर आहेत. त्यांना तेथे उभे राहण्याचा अधिकार आणि मोबदला तेवढा मिळालेला नाही.

केरळमध्ये २००२ मध्ये कुमरकोम, २००७ मध्ये तट्टेक्काड, २००९ मध्ये थेक्कडी आणि २०२३ मध्ये तानूर अशा चार मोठ्या नौका दुर्घटना झाल्या. चारही वेळा चौकशी आयोग नेमण्यात आले. वेण्याच्या आठ किंवा कानोत्याच्या पाच मृत्यूंसाठी असा आयोग नेमला गेला नाही. त्यांचे कागद पोलीस ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीपाशी सुरू होतात.